अडलेलं अंडं

पडदेबाईंनी कोंबड्यांपायी पाय मोडून घेतला, असं गल्लीत जो तो म्हणत होता, आणि मोडलेल्या पायापेक्षा बाईंना त्याचाच जास्त त्रास होत होता. कोंबड्यांचा यात काडीचा दोष नव्हता. मागच्या दाराच्या पायरीवर पाणी सांडलं होतं ते बाईंनी स्वतः. थंडीने त्याची काच झाली, आणि सकाळी दाण्याचं पातेलं घेऊन उतरताना त्यांनी पायाखाली न बघता खुराड्याकडे बघितलं. घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर गुडघ्यापर्यंत चढलं. पाय जमिनीला टेकवायचा नाही, अशी डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली. आणि नाताळ तोंडावर आला होता.

बाईंनी जन्मभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले, म्हणून त्या पडदेबाई. डोळे थकल्यावर त्यांनी मशीनवर कापड झाकलं, पण हात काही स्वस्थ बसेनात, म्हणून परसात कोंबड्या आणल्या. पाच होत्या. तोऱ्यात चालणारी ती राणीसरकार. पिसं गळून कायम विस्कटलेली ती झिपरी. गोल गरगरीत आणि स्वभावाने गरीब ती ठमी. राहिलेल्या दोघी दिसायला एकसारख्या, एकमेकींवाचून त्यांना करमायचं नाही आणि एकमेकींना टोचल्याशिवाय अन्न पचायचं नाही. त्या थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ.

लेक नर्स होती, दुसऱ्या शहरात. तिने फोनवर आधी आईला आपल्याकडे चल म्हणून गळ घातली. बाईंनी कोंबड्यांचं कोण बघणार म्हणून साफ नकार दिला. मग लेकीने सांगितलं की नाताळच्या सुट्टीत तिची ड्यूटी लागली आहे, लहान मुलं असलेल्या नर्सना रजा द्यावी लागते, तेव्हा ती सणाच्या दिवशी दुपारीच येऊ शकेल. तोवर ती नवऱ्याला पाठवते आहे.

बाईंनी फोन ठेवला. जावयाला बोलवायचं ते चार घास प्रेमाने करून घालायला. इथे सासू खुर्चीत पाय वर करून बसणार आणि जावई हातात फावडं घेऊन कोंबड्यांची घाण काढणार. ही कल्पनाच त्यांना सोसवेना. शिवाय हे जावई म्हणजे बोलायला अवघडच. वर्षानुवर्षं त्यांनी रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचल्या होत्या. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. बाई मशीनचं पायडल थांबवून ऐकत आणि गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत, हे आमचे जावई. पण तेच गृहस्थ घरी आले की तोंडाला कुलूप. ‘हो’, ‘नको’, ‘पुरे’ एवढ्यावर जेवण उरकत. बाईंना वाटायचं, चांगले शब्द सगळे रेडिओवर खर्च होतात आणि सासुरवाडीला चिल्लर येते.

त्यात त्या शरद ऋतूत ते रेडिओ केंद्रच बंद पडलं. लेकीने तेव्हा कळवलं होतं. जावयाशी काय बोलावं ते बाईंना सुचलं नाही, म्हणून त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

जावई आले ते चकचकीत काळे बूट घालून, हातात एक बॅग आणि बाईंसाठी एक उबदार शाल घेऊन. बाईंनी शाल मांडीवर घेतली, प्रवास कसा झाला विचारलं, ‘बरा’ असं उत्तर मिळालं. मग दोघंही खिडकीतून परसाकडे बघत बसले. शेवटी जावईच म्हणाले, “आई, काय करायचं ते सांगा. मी कोंबडी कधी हातात धरलेली नाही.”

बाईंनी संकोचत सुरुवात केली. सकाळी पाणी बदलायचं, कारण भांड्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरते; नवं पाणी कोमट हवं. दाणा सकाळी, आणि संध्याकाळी निजायच्या आधी मूठभर मका, म्हणजे पोट रात्रभर ऊब देतं. ओलं गवत काढून कोरडं पसरायचं. वरची झडप मात्र थंडी कितीही असली तरी बंद करायची नाही, कोंबड्या गारठ्याने नाही मरत, कोंडलेल्या ओलीने मरतात. खालच्या घाणीबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नाही. ती त्यांनी मनातल्या मनात प्लास्टर निघेपर्यंत पुढे ढकलली होती.

पहिल्या सकाळी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून बघत होत्या. जावयांनी खुराड्याची कडी काढली आणि पाहुण्यांना वाट द्यावी तसे अदबीने बाजूला उभे राहिले. राणीसरकार बाहेर आल्या, त्यांनी नव्या नोकराकडे एक डोळा वाकडा करून बघितलं आणि त्याच्या बुटाची नाडी अळी समजून ओढायला घेतली. जावई मागे सरले, राणीसरकार नाडीसकट पुढे. मागे सरता सरता ते पाण्याच्या भांड्यात बसले. बाईंनी तोंडावर शाल धरली. हसावं तर जावयाचा अपमान, न हसावं तर पोटात दुखायला लागलेलं. जावई ओल्या पँटने उठले आणि त्यांनी भांडं पुन्हा भरून आणलं.

त्याच दुपारी ते शेडमधून फावडं शोधून घेऊन आले, बाईंचे जुने रबरी बूट टाचा मोडून पायात चढवले आणि कोणी न सांगता खुराडं तळापासून खरवडून काढलं. बाई खिडकीतून नको नको म्हणत राहिल्या. त्यांनी मान वरही केली नाही. काम झाल्यावर हात धुऊन आत आले, चहा टाकला, आणि एक कप बाईंच्या हातात देऊन समोर बसले. बाईंना बोलायचं खूप होतं. पण एवढंच म्हणाल्या की चहा चांगला झाला आहे.

तसे दिवस जाऊ लागले. जावई सकाळी जात, संध्याकाळी जात, आणि मधल्या वेळी खुर्ची परसात टाकून नुसते बसत. सुरुवातीला बाईंना वाटलं, माणूस कंटाळला. मग त्यांच्या लक्षात आलं की कोंबड्या आता त्यांच्या पायांशी उकरतात, झिपरी तर खुर्चीच्या दांडीवर चढून बसते, आणि जावई तिची नवी फुटणारी पिसं निरखून बघतात. कोवळ्या पिसांना धक्का लागला तर दुखतं, हे बाईंनी एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून ते झिपरीला हात लावत नसत.

अंडी मात्र बेताचीच मिळत होती. दिवस लहान झाले की कोंबड्या हात आखडता घेतात, त्याला इलाज नाही. कुंपणापलीकडची बेकरीवाली दर नाताळात बाईंच्याच अंड्यांचे केक करायची. ती एकटी आपल्या म्हाताऱ्या आईला सांभाळून घरच्या भट्टीवर गल्लीभराचे केक भाजायची. बाई पडल्या त्या सकाळी हाक ऐकून पहिली धावून आली होती तीच. कणकेच्या हातांनी तिने बाईंना उचललं होतं, बाईंच्या कोटावर अजून पिठाचे ठसे होते. तिच्यासाठी म्हणून बाई एकेक अंडं टोपलीत जमवत होत्या.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी जावई रिकाम्या पातेल्यासह घाईने आत आले. ठमी खायला आली नाही, म्हणाले. कोपऱ्यात पिसं फुगवून उभी आहे, शेपूट खाली, आणि चालताना पाय फाकवून चालते. मधूनच अंग आवळते.

बाईंना बघायचीही गरज नव्हती. अंडं अडकलं होतं. थंडीत असं होतं, आणि वेळेवर सुटलं नाही तर कोंबडी हातची जाते. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. सुट्टी लागली होती, घंटा वाजून वाजून बंद पडली. बाईंनी प्लास्टरवर हात आपटला. आजवर असं काही झालं की त्या स्वतः कोंबडी काखेत घेत. आज परसाची पायरीसुद्धा त्यांना परदेश झाली होती.

“तुम्हाला धरावं लागेल तिला,” त्या म्हणाल्या. “दोन्ही पंख अंगाशी, खालून हात. घाबरू नका, ती ठमी आहे, राणीसरकार नव्हे.”

जावई गेले आणि ठमीला छातीशी धरून आले. त्यांचा चेहरा ठमीइतकाच कावराबावरा होता. बाईंनी सांगितलं तसं त्यांनी धुण्याचा टब स्वयंपाकघरात ओढला, त्यात कोपराला सोसेल इतकं गरम पाणी घातलं, बाईंनी चमच्याने थोडं तेल दिलं ते बोटाने शेपटीखाली लावलं, आणि ठमीला पोटापर्यंत पाण्यात बसवलं. ठमीने एकदा फडफड केली, जावयांचा शर्ट निथळला, पण त्यांनी हात सोडले नाहीत.

आता वाट बघायची, बाई म्हणाल्या. पाणी निवलं की गरम घालायचं. आणि तिच्याशी बोलत राहायचं, हळू, खालच्या आवाजात. आवाजाने तिचं अंग सैल पडतं.

“कोंबडीशी काय बोलू?”

“काहीही. तिला कुठे कळतंय.”

जावई गुडघ्यांवर बसले होते, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मग सवयीने त्यांच्या तोंडून तेच निघालं जे वर्षानुवर्षं निघत आलं होतं: नमस्कार, सकाळच्या बातम्या. बाईंच्या अंगावर काटा आला. तो आवाज त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. आज थंडी कायम राहील, आवाज सांगत होता, दुपारी थोडं ऊन पडेल. ठमीचे डोळे अर्धवट मिटले.

हवामान संपलं. जावई थांबले आणि ठमीच्या पाठीकडे बघत, त्याच आवाजात, पुढे बोलू लागले. केंद्र बंद होणार हे त्यांना आदल्या संध्याकाळी कळलं होतं. ऐकणाऱ्यांना सांगायचं नाही, असा वरून हुकूम होता, काहीतरी करारांची भानगड. त्यांनी नेहमीच्या बातम्या वाचल्या. शेवटी नेहमीचं वाक्य येतं तिथे ते अडखळले, पण तेही वाचलं.

“उद्या सकाळी पुन्हा भेटू, असं म्हणालो मी,” ते म्हणाले. “आणि भेटलोच नाही. लोकांनी बटण फिरवलं असेल, आणि खरखर. नोकरी गेल्याचं वाईट वाटलंच, आई. पण ते वाक्य घशात अडकून बसलं आहे. घरात तोंड उघडलं की तेच बाहेर येईल असं वाटतं.”

बाईंनी किटली उचलून पुढे केली, आणि जावयांनी टबात गरम पाणी ओतलं.

तेवढ्यात मागच्या दारात कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज झाला. बेकरीवाली उभी होती, अंड्यांसाठी आणलेलं वाडगं पोटाशी धरून. ती कधी आली कोणाला कळलं नव्हतं. तिने जावयांना याआधी कुंपणावरून दोनदा-तीनदा बघितलं होतं, मान हलवली होती. पण पडद्यांची ती कधी गिऱ्हाईक नव्हती, म्हणून रेडिओवरच्या जावयाची गोष्ट तिच्या कानावर आली नव्हती, आणि हे गृहस्थ इतके कमी बोलत की आवाज ओळखायची वेळच आली नव्हती.

ती दारातच टेकून बोलली. तिच्या आईला दिसत नाही, आता बरीच वर्षं झाली. सकाळ झाली हे आईला उजेडाने कळत नाही, रेडिओवरच्या त्या माणसाच्या नमस्काराने कळायचं. रेडिओ बोलायचा बंद झाला तेव्हा मुलीने सांगून बघितलं की केंद्रच बंद झालं, पण आईला पटलं नाही. तो उद्या भेटू म्हणाला आहे, असं त्या म्हणत. रेडिओच बिघडला असणार. दोनदा दुरुस्तीला पाठवला. अजून रोज सकाळी त्या बटण फिरवून बसतात.

“उद्या सकाळी याल का हो आमच्याकडे?” बेकरीवाली म्हणाली. “फार नको. दोन ओळी वाचल्यात तरी चालेल.”

जावई काही बोलणार, इतक्यात ठमीने मान ताणली, सगळं अंग आवळलं, आणि टबातलं पाणी डचमळलं. जावयांनी हात खाली घातला आणि बाहेर काढला तेव्हा त्यांच्या तळव्यावर एक अंडं होतं, कवच खडबडीत, एका बाजूने चेपलेलं, अजिबात देखणं नसलेलं. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. बाईंना हुंदका आला आणि तो लपवायला त्यांनी टॉवेल कुठे आहे म्हणून आरडाओरडा सुरू केला. ठमीला पुसून, टोपलीत गुंडाळून शेगडीजवळ ठेवलं. ती लगेच झोपली. जावई जमिनीवरच बसून राहिले, अंडं हातात, आणि हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत.

बेकरीवालीला जमवलेली अंडी दिली. ते खडबडीत अंडं मात्र जावयांनी दिलं नाही.

नाताळच्या सकाळी बाई उठल्या तेव्हा कोंबड्यांचं सगळं आवरलेलं होतं आणि जावई इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी काहीतरी लिहीत बसले होते. तुम्हीही चला, ते बाईंना म्हणाले. बाईंनी प्लास्टरकडे बोट दाखवलं. जावई आतल्या खोलीत गेले आणि मशीनसमोरची चाकांची खुर्ची ढकलत घेऊन आले. बाईंना तीत बसवलं, मोडलेला पाय एका उशीवर, उशी बाईंच्याच शिलाईच्या फळीवर, आणि वरात निघाली. गल्लीतल्या दगडांवर खुर्ची अशी खडखडत होती की दारादारांतून लोक बाहेर आले. कोणी सणाच्या शुभेच्छा दिल्या, कोणी जोर लावू का विचारलं. बाई दोन्ही हातांनी खुर्ची धरून राणीसारखी मान डोलवत होत्या, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

बेकरीवालीच्या घरात दालचिनीचा आणि भाजल्या लोण्याचा वास भरला होता. खिडकीशी आजी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, मांडीवर रेडिओ. मुलीने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. जावई समोरच्या स्टुलावर बसले. त्यांनी खिशातून कागद काढून गुडघ्यावर सरळ केला.

“नमस्कार,” ते म्हणाले. “सकाळच्या बातम्या.”

आजींचा हात रेडिओवरून उचलला गेला आणि हवेतच थांबला. जावई वाचत होते. जगातलं थोडं, शहरातलं थोडं, मग हवामान, आणि मग गल्लीतलं: अमक्याच्या घरी लेक-जावई आले आहेत, तमक्याच्या मांजराला पिल्लं झाली, आणि पडदेबाईंच्या परसातल्या ठमीची प्रकृती सुधारत असून तिने आज सकाळी दाणे खाल्ले. आजी हसल्या. मग त्यांनी हात पुढे केला, हवेत चाचपत, आणि जावयांच्या चेहऱ्याला बोटं लावली.

“म्हणजे रेडिओ बिघडला नव्हता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रोज नमस्कार म्हणायचात ना, मीही म्हणायचे. तुम्हाला ऐकू जायचं नाही, एवढंच. आज घ्या. नमस्कार. आणि इतकी वर्षं मला रोज उठवलंत, फार बरं केलंत.”

जावयांनी आजींचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बेकरीवाली केक कापायच्या निमित्ताने आत निघून गेली आणि बराच वेळ सुरी सापडत नाही म्हणत राहिली.

दुपारी लेक आली, रात्रपाळी अंगावर घेऊनच. तिने आईचा पाय बघितला, ठमी बघितली, खडबडीत अंडं बघितलं, आणि नवऱ्याकडे बघून तिला जाणवलं की तो बोलतो आहे. केकचा तुकडा हातात घेऊन आजींबद्दल सांगतो आहे, सांगता सांगता थांबतच नाही. ती ऐकता ऐकता टेबलावर डोकं ठेवून झोपून गेली. जावयांनी आवाज खाली आणला, पण सांगणं थांबवलं नाही; उरलेलं बाईंना सांगितलं.

लेक उठल्यावर, जावई परसात असताना, बाईंनी तिचा हात धरला. तू यांना पाठवलंस, फार उपकार झाले, त्या म्हणाल्या. लेक म्हणाली की तिला दोघांचीही काळजी होती; घरी तो भिंतीकडे बघत बसायचा, आणि कामाला लावायला तिच्या घरात कोंबड्या नव्हत्या. जावयाचे आभार कसे मानायचे, बाईंनी विचारलं. आजवर जमलं नाही मला. लेक म्हणाली, त्याला सरळ सांग, त्याला आता ऐकू येतं.

म्हणून संध्याकाळी जावई मका टाकून हात झटकत आत आले तेव्हा बाईंनी त्यांना समोर बसवलं. “तुम्ही ठमी वाचवलीत,” त्या म्हणाल्या. “खुराडं साफ केलंत. मला काही मागावं लागलं नाही. तुमच्यासारखा माणूस माझ्या लेकीला मिळाला हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ते सांगते आहे.” जावई लाल झाले आणि जुन्या सवयीने ‘हो’ म्हणाले. दोघांनाही हसू आलं.

प्लास्टर निघेपर्यंत जावई राहिले. रोज सकाळी आधी कोंबड्या, मग आजी. हळूहळू गल्लीतली आणखी चार माणसं बातम्या ऐकायला तिथे येऊन बसू लागली, कोणी चहा आणायचं. पुढे वसंतात त्यांना बसस्थानकावर सूचना देण्याचं काम लागलं. गाडी उशिरा येणार हे सुद्धा ते असं सांगतात की लोकांना राग येत नाही, असं लेक सांगते. आजींना ते आता सकाळी फोन करतात.

प्लास्टर निघालं त्या दिवशी बाई काठी टेकत, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून, स्वतःच्या पायांनी परसात उतरल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी ओळखीची हाक मारली. राणीसरकारांनी मान उचलून बघितलं, दोघी जावांनी बघितलं, झिपरीने नव्या पिसांचं अंग फुलवलं. मग जावई दारातून बाहेर आले, रिकाम्या हातांनी, आणि पाचही जणी बाईंना वळसा घालून त्यांच्याकडे पळाल्या. ठमी सगळ्यांत मागे, डुलत डुलत, पण सगळ्यांत घाईत.

“फितूर झाल्या सगळ्या,” बाई म्हणाल्या. काठीवर भार देऊन त्या तिथेच उन्हात उभ्या राहिल्या, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.